रत्नागिरीला प्रायमरी, कुडाळला स्टँडबाय: लाइन चार दिवस गेली की पोस्टग्रेसची रेप्लिका तुटते, आखणी कशी करावी?

काजूगर

नमस्कार मंडळी. आंबा पॅकिंग आणि काजू प्रक्रिया करणाऱ्या एका सहकारी संस्थेचा सेटअप आहे. रत्नागिरीला प्रायमरी (मुख्य सर्व्हर), कुडाळला स्टँडबाय (त्याची सतत अद्ययावत होणारी प्रत, म्हणजे रेप्लिका). दोन्हीकडे डेबियन १२ (लिनक्स) आणि पोस्टग्रेस १५ (डेटाबेस). डेटाबेस साधारण १८० जीबी. रत्नागिरीला फायबर ब्रॉडबँड आहे, अपलोड २० एमबीपीएस. दोन ऑफिसांमध्ये वायरगार्डचं टनेल (इंटरनेटवरून सुरक्षित जोडणी). सर्व्हरला ४८० जीबीची एकच एसएसडी, तिच्यावरच ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्यावरच डेटा.

लाइन तास-दोन तास गेली तर काही बिघडत नाही, स्टँडबाय आपोआप जोडला जातो. पण रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली किंवा वादळानंतर वीज गेली, की कुडाळच्या लॉगमध्ये 'मागितलेला वॉल सेगमेंट आधीच काढून टाकला आहे' अशी एरर येते आणि मग सगळा बेस बॅकअप (डेटाबेसची पूर्ण प्रत) पुन्हा घ्यावा लागतो. वॉल म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, जी प्रायमरी स्टँडबायला पाठवते; ती किती जपायची ते सांगणारं वॉल_कीप_साइझ १ जीबी ठेवलं आहे. कोणी सांगतं स्लॉट लावा (म्हणजे स्टँडबायने न घेतलेला वॉल प्रायमरी धरून ठेवते), कोणी सांगतं स्लॉटने डिस्क भरून प्रायमरीच बंद पडेल. दोन्ही ऐकून गोंधळ उडाला आहे. शिवाय रत्नागिरी बंद पडली तर कुडाळने आपोआप ताबा घ्यावा, असं संचालकांचं म्हणणं आहे. ते करावं का?

भगवतीबंदर

तुम्हाला सांगणारे दोघेही बरोबर आहेत. सेटिंगला हात लावण्याआधी एक आकडा ठरवा: जास्तीत जास्त किती दिवस दोन ऑफिसांचा संपर्क तुटलेला चालेल? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात वीज बरेच दिवस नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला लागून गेलं. असला प्रसंग पूर्ण झेलायचा म्हटलं तर डिस्क पुरणार नाही. नेहमीच्या तुटण्याला मात्र पुरेशी जागा हवीच. पाच दिवस धरा, हा माझा सल्ला.

आता दुसरा आकडा, दिवसाला किती वॉल तयार होतो. अंदाज नको, मोजा. प्रायमरीवर सकाळी 'सिलेक्ट पीजी_करंट_वॉल_एलएसएन()' चालवून उत्तर (वॉलमधली सध्याची जागा) लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा चालवा आणि पीजी_वॉल_एलएसएन_डिफ ला दोन्ही आकडे द्या, फरक बाइटमध्ये मिळतो. पीजी_स्टॅट_वॉल या व्ह्यूमधला वॉल_बाइट्स हा कॉलमही तेच सांगतो, पण तो आकडे रीसेट झाल्यापासूनची बेरीज देतो, म्हणून दोनदा वाचून वजाबाकी करावी. हे मोजमाप एप्रिल-मेमध्ये करा. पावसाळ्यातला आकडा धरलात तर ऐन हापूसच्या हंगामात फसाल.

समजा दिवसाला ९ जीबी निघाला. पाच दिवसांचे ४५. त्यावर निम्मं-पाऊण वाढवून ७५-८० जीबी. हा आकडा मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ मध्ये टाका. हे सेटिंग १३ व्या आवृत्तीपासून आहे आणि मुळात -१ असतं, म्हणजे मर्यादाच नाही. स्लॉटने डिस्क भरल्याच्या तक्रारी असतात त्या याच -१ मुळे. मर्यादा घातली की स्टँडबाय फार मागे पडल्यावर पोस्टग्रेस स्लॉट सोडून देतो. स्टँडबाय नव्याने उभारावा लागतो, पण प्रायमरी चालू राहते. ही मर्यादा चेकपॉइंटच्या वेळी (मेमरीतले बदल ठरावीक काळाने डिस्कवर उतरवले जातात तेव्हा) तपासली जाते, त्यामुळे प्रत्यक्षात वॉल तिच्या थोडा वर जाऊ शकतो. मर्यादेच्या वर निदान २० जीबी मोकळे राहू द्या.

पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स मध्ये वॉल_स्टेटस बघत जा. 'रिझर्व्ह्ड' आणि 'एक्स्टेंडेड' असेल तर ठीक. 'अनरिझर्व्ह्ड' दिसलं तर पुढच्या चेकपॉइंटला फायली जाऊ शकतात, लाइन लगेच जोडा. 'लॉस्ट' म्हणजे तो स्लॉट गेला. शेजारच्या सेफ_वॉल_साइझ मध्ये अजून किती बाइटची सवड आहे ते दिसतं.

धामापूर

ह्यां सगळा बरोबर आसा. पण डिस्क भरलीच तर काय करूचा ता पण सांगा. पीजी_वॉल फोल्डरातले फायली हातान काढणारे लोक आसत.

तेरेखोल

त्या फोल्डरातलं हाताने काहीही काढायचं नाही. जुनी दिसणारी फाइल क्रॅश रिकव्हरीला लागणारी असू शकते. ती गेली की 'वैध चेकपॉइंट रेकॉर्ड सापडला नाही' असं म्हणून सर्व्हर उठत नाही. मग लोक पीजी_रीसेटवॉल चालवतात. त्याने सर्व्हर उठतो खरा, पण आतला डेटा एकमेकांशी जुळेल याची खात्री उरत नाही. ते चालवलंच तर पुढचं काम एकच: डंप काढून नव्या क्लस्टरमध्ये (पोस्टग्रेसच्या नव्या, रिकाम्या डेटा फोल्डरमध्ये) भरणं.

डिस्क भरून पोस्टग्रेस पॅनिक होऊन बंद पडला असेल तर हा क्रम ठेवा. आधी त्याच पार्टिशनवरची पोस्टग्रेसची नसलेली जागा मोकळी करा: जर्नलचे लॉग, अ‍ॅप्टची कॅश, कोणी ठेवलेले जुने डंप. एक-दोन जीबी मिळाले की सर्व्हर सुरू होतो. सुरू झाल्यावर पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट ने अडकलेला स्लॉट काढा आणि 'चेकपॉइंट' द्या. जास्तीचा वॉल पोस्टग्रेस स्वतः काढतो. मोकळं करण्यासारखं काहीच नसेल तर सर्व्हर बंद असतानाच पीजी_वॉल फोल्डर पूर्ण दुसऱ्या डिस्कवर हलवा, जुन्या जागी सिमलिंक द्या, मालकी पोस्टग्रेस युजरची आणि परवानगी ०७०० आहे हे बघा, मग सुरू करा.

२ जीबीची एक रिकामी फाइल एफअलोकेट ने आधीच करून ठेवा. अडचणीच्या वेळी ती काढली की श्वास घ्यायला जागा मिळते.

डिस्क भरायला स्लॉटच कारण असतो असं नाही. आर्काइव्ह_कमांड (वॉलच्या फायली दुसरीकडे साठवणारी आज्ञा) अपयशी होत असेल तरी वॉल साठतच जातो, आणि त्याला मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ ची मर्यादा लागू नाही. म्हणून पीजी_स्टॅट_आर्काइव्हर मधला फेल्ड_काउंट आधी बघा, मग स्लॉटवर संशय घ्या.

भगवतीबंदर

आर्काइव्हचा विषय निघालाच आहे तर त्यावरचा हिशेबही बघा. पुष्कळ ठिकाणी आर्काइव्ह_टाइमआउट (इतक्या वेळाने फाइल भरली नसली तरी आर्काइव्हला पाठवायची) ६० सेकंद ठेवलेलं दिसतं. वॉलची फाइल १६ एमबीची. थोडंथोडं काम दिवसरात्र चालू असेल तर मिनिटाला एक फाइल, दिवसाला १,४४० फायली, म्हणजे साडेबावीस जीबी, मग आत भरलेलं काही नसलं तरी. २० एमबीपीएसच्या अपलोडवर हे नको. स्ट्रीमिंगमध्ये (वॉल थेट स्टँडबायला पाठवताना) जेवढा वॉल तयार झाला तेवढाच जातो. आर्काइव्ह करायचा तर फाइल झेडस्टॅंडर्डने दाबून पाठवा, रिकामी फाइल अगदी छोटी होते. पीजीबॅकरेस्ट हे बॅकअपचं अवजार फायली आपोआप दाबतं.

मुळात वॉलच कमी कसा करायचा, तेही सांगतो. चेकपॉइंटनंतर प्रत्येक पानाला पहिल्यांदा हात लागला की पूर्ण ८ केबीचं पान वॉलमध्ये लिहिलं जातं. चेकपॉइंट जितके वारंवार, तितकी ही पानं जास्त. मूळ सेटिंग चेकपॉइंट_टाइमआउट ५ मिनिटं आणि मॅक्स_वॉल_साइझ १ जीबी. ते ३० मिनिटं आणि ८ जीबी करा, सोबत वॉल_कॉम्प्रेशन ला झेडस्टॅंडर्ड किंवा एलझेड४ द्या (१५ मध्ये दोन्ही चालतात). अपडेट जास्त असलेल्या बिलिंगच्या डेटाबेसमध्ये वॉल चांगलाच उतरतो. बदल्यात वीज अचानक गेल्यावर क्रॅश रिकव्हरीला जास्त वेळ लागतो, कारण मागच्या चेकपॉइंटपासूनचा सगळा वॉल पुन्हा चालवावा लागतो. काही मिनिटांचा हा सौदा मला मान्य आहे. फुल_पेज_राइट्स मात्र कधीही बंद करू नका. वीज गेल्यावर अर्धवट लिहिलेलं पान दुरुस्त होतं ते त्याच्याच जोरावर.

वाशिष्ठीकाठ

विजेबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे निम्मे प्रश्न तिथूनच सुरू होतात.

आधी एसएसडी. घरगुती वापराच्या बहुतेक एसएसडींना वीज गेल्यावर आतली कॅश लिहून टाकण्यापुरते कपॅसिटर नसतात. एफसिंक (डेटा डिस्कवर कायमचा लिहिणं) झालं असं ती सांगते, पण डेटा अजून कॅशमध्येच असू शकतो. डेटाबेससाठी 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' असलेली सर्व्हर वर्गाची एसएसडीच घ्या. पोस्टग्रेसबरोबर येणारा पीजी_टेस्ट_एफसिंक चालवून बघा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी साधी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरेच घेते. तिच्यावर सेकंदाला हजारो एफसिंक दिसले तर मध्ये कुठलीतरी कॅश खोटं बोलते आहे, हे नक्की. घरगुती एसएसडीवर विलक्षण मोठा आकडा दिसला तर तोच संशय धरा.

घरचा इन्व्हर्टर सर्व्हरला पुरत नाही. वीज जाताना तो बदली व्हायला जो क्षण लागतो त्यात सर्व्हर रीस्टार्ट होऊ शकतो. ऑनलाइन प्रकारचा यूपीएस घ्या, यूएसबीने सर्व्हरला जोडा आणि नेटवर्क यूपीएस टूल्स बसवा. म्हणजे बॅटरी उतरली की सर्व्हर स्वतः नीट बंद होईल. बॅटरी अगदी संपेपर्यंत थांबू नका, निदान पाच-सात मिनिटं राखून बंद करायला सांगा. कारण पोस्टग्रेस 'फास्ट' पद्धतीने बंद होतानाही शेवटचा चेकपॉइंट लिहितो आणि जोडलेल्या स्टँडबायला उरलेला वॉल पोचवायला थांबतो. लाइन अर्धवट मेलेली असेल तर त्यातच वेळ जातो. ब्रॉडबँडचा ओएनटी (फायबर जिथे येते तो डबा) आणि राउटरही त्याच यूपीएसवर घ्या. ते राहून जातं आणि पहिली तुटते ती लाइनच.

मे महिन्यातल्या गडगडाटात तांब्याची लॅन केबल वीज आत आणते. दोन इमारतींमधली, म्हणजे पॅकहाउस ते ऑफिस, केबल फायबरची करा. अर्थिंग पावसाळ्याआधी इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

जागाही महत्त्वाची. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं सामान गेलं. सर्व्हर वरच्या मजल्यावर, भिंतीपासून सुटा ठेवा. खारी दमट हवा रॅमच्या आणि कनेक्टरच्या संपर्कांवर चढते, म्हणून खिडकीतून वारा घेणारी खोली नको, बंद आणि एसीची हवी. रॅम ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) घ्या. डेटा चेकसम (पान खराब झालं तर ओळखू देणारे आकडे) चालू आहेत का ते 'शो डेटा_चेकसम्स' ने बघा. १८ व्या आवृत्तीपासून नव्या क्लस्टरला ते आपोआप लागतात, १५ मध्ये क्लस्टर तयार करतानाच सांगावं लागतं. राहून गेलं असेल तर सर्व्हर नीट बंद करून पीजी_चेकसम्स ने चालू करता येतात. १८० जीबी वाचून लिहायचे असतात, त्यामुळे हे काम रात्रीच काढा. स्टँडबायवरही ते करावं लागेल, किंवा मग तो नव्याने उभारा.

काजूगर

सर्वांचे आभार. मोजलं. नेहमीच्या दिवशी ६ जीबी, गर्दीच्या दिवशी ९ जीबीपर्यंत. म्हणजे ८० जीबीची मर्यादा जमते.

आता बेस बॅकअपचं. पीजी_बेसबॅकअप कुडाळहून चालवला की मध्येच तुटतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू करावा लागतो. कधीकधी तर जोडणी होते, पासवर्ड चालतो, पीएसक्यूएल मधून छोटी क्वेरी चालते, पण बॅकअप सुरू होताच जागच्या जागी थांबतो. एररही येत नाही.

तेरेखोल

छोटी क्वेरी चालते आणि मोठा डेटा अडकतो, हे एमटीयूचं (एका पॅकेटच्या कमाल आकाराचं) लक्षण आहे. वायरगार्ड मुळात १४२० धरतो, कारण १५०० मधून तो स्वतःचे ८० बाइट वजा करतो. तुमची ब्रॉडबँड पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) असेल तर तिचा एमटीयू १४९२ असतो, त्यामुळे टनेलला १४१२ च्या वर जागा नाही. मोठी पॅकेट वाटेत टाकली जातात आणि तशी सूचना देणारा आयसीएमपी निरोप कुठल्यातरी राउटरवर अडवलेला असतो. दोन्ही टोकांना टनेलचा एमटीयू १३८० करा. खात्रीसाठी 'तुकडे करू नका' हा पर्याय लावून पिंग करा. १३५२ बाइटचा पिंग गेला पाहिजे, त्यावर २८ बाइट हेडरचे मिळून १३८० होतात. एखादं टोक सीजीएनएटीच्या मागे असेल (म्हणजे कंपनी अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपी देत असेल) तर त्या टोकाला परसिस्टंट_कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर शांत राहिलेलं टनेल निम्म्यात बंद होतं.

बेस बॅकअपचा हिशेब करा: २० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला अडीच एमबी. १८० जीबीला वीस तासांहून जास्त, तेही लाइनवर दुसरं काही नसेल तर. पीजी_बेसबॅकअप तुटला तर पुढे चालू करता येत नाही. इथे डिस्क घेऊन जाणं सर्वांत जलद. रत्नागिरीहून कुडाळला कोकण रेल्वेने अर्ध्या दिवसात माणूस पोचतो.

पायऱ्या सांगतो. बाहेरची एसएसडी ईएक्सटी४ ने फॉरमॅट करा. एक्सफॅटवर मालकी आणि परवानग्या टिकत नाहीत. डिस्क बाहेर प्रवास करणार, त्यामुळे ती लक्सने एन्क्रिप्ट करा. मग प्रायमरीवरच पीजी_बेसबॅकअप चालवा: कॅपिटल डी ने बाहेरच्या डिस्कवरचं फोल्डर, कॅपिटल सी आणि कॅपिटल एस ने 'कुडाळ' नावाचा नवा स्लॉट, कॅपिटल आर ने स्टँडबायची सेटिंग. वॉल सोबतच स्ट्रीम होतो, तो मूळ पर्यायच आहे. स्लॉट त्याच क्षणी तयार झाल्यामुळे डिस्क प्रवासात असताना तयार होणारा वॉल प्रायमरी धरून ठेवते. म्हणून मर्यादेचं सेटिंग याच्या आधी लावलेलं हवं.

कुडाळला फोल्डर जागेवर कॉपी करा, मालक पोस्टग्रेस, परवानगी ०७००. आता पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ उघडा. कॅपिटल आर ने लिहिलेल्या प्रायमरी_कॉनइन्फो मध्ये तुम्ही बॅकअप घेताना वापरलेला पत्ता असतो, म्हणजे रत्नागिरीचा स्थानिक सॉकेट किंवा लोकलहोस्ट. तो बदलून टनेलमधला रत्नागिरीचा आयपी घाला. हे राहिलं तर स्टँडबाय स्वतःलाच शोधत बसतो. स्टँडबाय.सिग्नल ही रिकामी फाइल आहे ना ते बघा. बॅकअप_लेबल फाइलला हात लावू नका. ती काढली तर सर्व्हर चुकीच्या चेकपॉइंटपासून सुरू होतो आणि डेटा मुकाट्याने खराब होतो.

डेबियनवर आणखी एक. पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ आणि पीजी_एचबीए.कॉन्फ या फायली डेटा फोल्डरमध्ये नसतात, ईटीसी खाली असतात. बेस बॅकअपमध्ये त्या येत नाहीत, वेगळ्या न्या. मॅक्स_कनेक्शन्स, मॅक्स_वॉल_सेंडर्स, मॅक्स_वर्कर_प्रोसेसेस, मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन आणि मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स हे पाच आकडे स्टँडबायवर प्रायमरीपेक्षा कमी चालत नाहीत. वाढवताना आधी स्टँडबायवर वाढवा, मग प्रायमरीवर.

जोडणी नाकारली गेली तर पीजी_एचबीए मध्ये रेप्लिकेशनची स्वतंत्र ओळ आहे का बघा. डेटाबेसच्या रकान्यात 'ऑल' लिहिलं तरी त्यात रेप्लिकेशन येत नाही.

माडबन

थोडं विषयांतर, पण मारियाडीबी हा दुसरा डेटाबेस वापरणारेही इथे वाचत असतील. डेबियन १२ वर १०.११ येते. मूळ दुखणं हेच, अवजारं वेगळी.

मारियाडीबीत सिंक_बिनलॉग मुळात ० असतं. वीज अचानक गेली की बिनलॉगचा (बदलांची नोंद ठेवणाऱ्या फाइलचा) शेवटचा तुकडा डिस्कवर पोचलेला नसतो. रेप्लिकाने मात्र तो आधीच वाचलेला असतो. सर्व्हर उठल्यावर रेप्लिका फाइलच्या शेवटापलीकडची जागा मागतो आणि १२३६ नंबरची एरर येते. दोन्ही बाजूंना सिंक_बिनलॉग १ आणि इनोडीबी_फ्लश_लॉग_अ‍ॅट_टीआरएक्स_कमिट १ करा. चांगली एसएसडी असेल तर वेगात पडणारा फरक सोसवतो.

हीच १२३६ बिनलॉग मुदत संपून काढले गेले तरी येते. मजकूर नीट वाचा, दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. बिनलॉग_एक्स्पायर_लॉग्स_सेकंड्स वर सांगितलेल्या पाच दिवसांच्या हिशेबानेच ठरवा. पाच दिवस म्हणजे ४,३२,००० सेकंद, मी सहा लाख ठेवीन.

१०६२ आणि १०३२ या एरर आल्या, म्हणजे आधीच असलेली ओळ किंवा सापडत नसलेली ओळ, तर कोणीतरी रेप्लिकावर लिहिलं आहे. रीड_ओन्ली चालू करा आणि रिपोर्टच्या युजरला वरच्या अधिकारांशिवाय ठेवा. एसक्यूएल_स्लेव्ह_स्किप_काउंटर ने एकेक एरर ओलांडत जाऊ नका, प्रत्येक उडीला दोन प्रतींमधलं अंतर वाढतं. पीटी-टेबल-चेकसमने तफावत शोधा, नाहीतर मारियाडीबी-बॅकअपने नवी प्रत उभारा.

कमकुवत लाइनवर मारियाडीबीची एक सोय आहे: स्लेव्ह_कॉम्प्रेस्ड_प्रोटोकॉल १ केलं की बिनलॉग तारेवरून दाबून जातो. रेप्लिकाची पिछाडी दाखवणाऱ्या सेकंड्स_बिहाइंड_मास्टर वर विसंबू नका. लाइन अर्धवट मेलेली असताना स्लेव्ह_नेट_टाइमआउट होईपर्यंत ते ० च दाखवतं.

आणि दोन ऑफिसांत दोनच नोड ठेवून गॅलेरा (सगळ्या नोडवर एकदम लिहिणारी रचना) करू नका. मधली लाइन तुटली की कोणाकडेच बहुमत उरत नाही आणि दोन्हीकडचं काम थांबतं. तिसऱ्या जागी निदान आर्बिट्रेटर (फक्त मत देणारा नोड) हवा, आणि तरीही प्रत्येक कमिट त्या लाइनच्या वेगाने चालेल.

भगवतीबंदर

माडबन यांचा शेवटचा मुद्दा पोस्टग्रेसलाही लागू आहे. संचालकांना 'आपोआप ताबा' हवा आहे, पण दोन ठिकाणांमध्ये तो करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कुडाळला रत्नागिरी दिसत नाही यावरून रत्नागिरी बंद आहे असं ठरत नाही, बहुतेक वेळा फक्त तार तुटलेली असते. कुडाळ आपोआप प्रायमरी झाला तर दोन्हीकडे बिलं फाटू लागतात, त्याच नंबरांची. ती नंतर एकत्र करणं हाताने करायचं काम आहे, आणि हंगामात ते निस्तरायला कोणाला वेळ नसतो. आपोआप ताबा देणारा पॅट्रोनी हा प्रोग्राम चांगला आहे, पण प्रायमरी कोण हे बहुमताने ठरवायला त्याच्या ईटीसीडीला तीन वेगळ्या जागा लागतात. तिसरी जागा मुंबईतल्या एखाद्या भाड्याच्या सर्व्हरवर असली तरी कुडाळची आणि रत्नागिरीची लाइन एकाच वेळी गेली की कोणीच प्रायमरी उरत नाही. तुमच्यासाठी फोन करून खात्री करणारा माणूसच बरा.

सिंक्रोनस रेप्लिकेशनही नको. सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स मध्ये एकच स्टँडबाय असेल आणि लाइन गेली, तर प्रत्येक कमिट त्याची वाट बघत थांबतो. काउंटरवर शेतकरी उभे आणि पावती निघत नाही. असिंक्रोनसमध्ये मोठा अपघात झाल्यास शेवटचे काही सेकंद जातील, आणि लाइन आधीपासून बंद असेल तर तेव्हापासूनचं सगळं. हे संचालकांना आधीच लेखी सांगा.

कुडाळला स्टँडबायवर रिपोर्ट चालत असतील तर हॉट_स्टँडबाय_फीडबॅक (रिपोर्टला लागणाऱ्या जुन्या ओळी प्रायमरीला जपायला लावणारं सेटिंग) बंद ठेवा. स्लॉट असताना स्टँडबाय तुटला तरी त्याचा एक्समिन (कुठपासूनच्या जुन्या ओळी जपायच्या ती खूण) स्लॉटमध्ये धरलेला राहतो. पाच दिवस लाइन नसेल तर तेवढे दिवस प्रायमरीवर व्हॅक्यूमला मेलेल्या ओळी साफ करता येत नाहीत आणि टेबलं फुगतात. त्याऐवजी मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले मूळच्या ३० सेकंदांवरून १० मिनिटं करा, रिपोर्ट मध्येच रद्द होणं कमी होईल.

तेरेखोल

ताबा हाताने घ्यायचा तर क्रम असा. रत्नागिरी खरोखर बंद आहे ना, तिथल्या माणसाला विचारा. सर्व्हर चालू पण तुटलेला असेल तर त्याला आधी पोस्टग्रेस बंद करायला सांगा आणि आपोआप सुरू होणंही डिसेबल करायला सांगा. वीज आली की तो स्वतः उठू नये. मग कुडाळला 'सिलेक्ट पीजी_प्रमोट()', म्हणजे तो प्रायमरी होतो. लगेच तिथे रत्नागिरीसाठी नवा स्लॉट तयार करा, जुने फिजिकल स्लॉट स्टँडबायवर आलेले नसतात. मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ कुडाळच्या कॉन्फिगमध्येही आहे ना ते बघा.

जुनी प्रायमरी परत जोडायला पीजी_रिवाइंड. त्यासाठी डेटा चेकसम किंवा वॉल_लॉग_हिंट्स यांपैकी एक आधीपासून चालू असावं लागतं. अपघातानंतर चालू करून उपयोग नाही. वॉल_लॉग_हिंट्स ला रीस्टार्ट लागतो, आजच करून टाका. डेबियनवर हा प्रोग्राम पाथमध्ये नसतो, पोस्टग्रेसच्या लिब फोल्डरातल्या बिनमध्ये मिळेल. तो चालवण्याआधी दोन टाइमलाइन वेगळ्या झाल्यानंतर, म्हणजे कुडाळ प्रमोट झाल्यानंतर, रत्नागिरीत काही बिलं झाली होती का ते तपासा आणि असतील तर डंप काढून ठेवा. रिवाइंडनंतर ती नाहीशी होतात.

काजूगर

संस्थेत सेंटओएस ७ चा एक जुना सर्व्हर पडून आहे. त्यावरही पोस्टग्रेस १५ टाकून तिसरी प्रत म्हणून वापरला तर?

भगवतीबंदर

फिजिकल रेप्लिका म्हणून नको. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.१७ आहे, डेबियन १२ मध्ये २.३६. मधल्या २.२८ मध्ये अक्षरांची क्रमवारी मोठ्या प्रमाणावर बदलली. पोस्टग्रेस टेक्स्टच्या इंडेक्सचा क्रम ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतो. फिजिकल रेप्लिकेशनमध्ये इंडेक्स जसाच्या तसा जातो, पण तिकडचं यंत्र वेगळ्या क्रमाने शोधतं. शेतकऱ्याचं नाव टेबलात असूनही शोधताना सापडत नाही. प्रमोट केल्यावर तर युनिक इंडेक्समध्ये तेच नाव दोनदा घुसू शकतं. स्टँडबायवर रीइंडेक्स करता येत नाही, हा आणखी अडसर. प्रमोट करून झालं असेल तर अ‍ॅमचेक एक्स्टेन्शनच्या बीटी_इंडेक्स_चेक ने इंडेक्स तपासा आणि रीइंडेक्स करा.

शिवाय सेंटओएस ७ ला ३० जून २०२४ नंतर सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. त्या यंत्रावर डेबियन १२ टाका, मग खुशाल वापरा. त्याच्यावर रिकव्हरी_मिन_अप्लाय_डिले ४ तास ठेवलंत तर आणखी उपयोग होईल. कोणी चुकून 'डिलीट' ला 'व्हेअर' लावायचं विसरलं, तर कुडाळच्या प्रतीतूनही त्या ओळी काही सेकंदांत गेलेल्या असतात. उशिराने चालणाऱ्या प्रतीत त्या अजून असतात. चार तासांच्या आत पीजी_वॉल_रीप्ले_पॉज() द्यायचं आणि ओळी काढून घ्यायच्या. याने बॅकअपची जागा भरत नाही. पीजीबॅकरेस्टचा आठवड्याचा पूर्ण आणि रोजचा इन्क्रिमेंटल बॅकअप हवाच, आणि महिन्यातून एकदा तो तिसऱ्या यंत्रावर वेगळ्या फोल्डरात उतरवून, सर्व्हर उठवून, कालच्या तारखेची बिलं मोजून बघा.

धामापूर

आणि अलार्म खंयचो लावचो?

तेरेखोल

प्रायमरीवर क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी तीन गोष्टी. एक, पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स मधून करंट वॉल एलएसएन आणि रीस्टार्ट_एलएसएन यांतला फरक: २० जीबीला सूचना, ५० जीबीला फोन. दोन, डिस्कची मोकळी जागा ५० जीबीच्या खाली. तीन, पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन मध्ये कुडाळची ओळच नसणं. लाइन तुटली की ती ओळ नाहीशी होते आणि पिछाडी मोजणारी क्वेरी काहीच परत देत नाही. रिकामं उत्तर म्हणजे सगळं ठीक, असं स्क्रिप्टने धरू नये. स्टँडबायवर पीजी_लास्ट_झॅक्ट_रीप्ले_टाइमस्टॅम्प वरून पिछाडी मोजत असाल तर रात्री कोणी बिलं करत नसताना तो आकडा उगाच वाढत जातो. त्यासाठी प्रायमरीवर एका छोट्या टेबलात दर मिनिटाला वेळ लिहा आणि कुडाळला तीच ओळ वाचा.

सूचना एसएमएसने जाऊ द्या, तीही रत्नागिरीच्या ब्रॉडबँडवर अवलंबून नसलेल्या सिमच्या मोडेममधून. लाइन गेल्याचा निरोप त्याच लाइनवरून निघणार नाही.

काजूगर

एमटीयू १३८० केल्यावर अडकणं थांबलं. मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ ८० जीबी, चेकपॉइंट_टाइमआउट ३० मिनिटं आणि वॉल_लॉग_हिंट्स चालू करून रीस्टार्ट घेतला आहे. डिस्क शुक्रवारच्या गाडीने कुडाळला जाईल. एक शेवटचं: पाच दिवसांनी लाइन आली तर स्टँडबाय बरोबरीला यायला किती वेळ धरू?

भगवतीबंदर

४५ जीबी, सेकंदाला अडीच एमबी, म्हणजे पाच तासांच्या वर. त्यात नवा वॉल येतच असतो आणि ऑफिसचं बाकीचं कामही त्याच अपलोडवर चालतं, म्हणून दिवसा सात-आठ तास धरा. त्या वेळात राउटरवर टनेलला मर्यादा घाला, १५ एमबीपीएस पुरे, नाहीतर काउंटरवरचं ऑनलाइन पेमेंट अडकेल. रात्री मर्यादा काढा. प्रगती पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन मधल्या सेंट_एलएसएन आणि रीप्ले_एलएसएन वरून बघा. सेंट मागे असेल तर लाइन कमी पडते आहे. सेंट पुढे आणि रीप्ले मागे असेल तर कुडाळची डिस्क हळू आहे किंवा एखादा लांबलेला रिपोर्ट रीप्ले अडवतो आहे. तो पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी मध्ये दिसेल, थांबवून टाका.